चॉकलेटचा साचा

वितळलेले चॉकलेट ओतून त्याला आकार देण्यासाठी वापरायचा, खळगे असलेला साचा. घरी चॉकलेट करणारे त्याला 'मोल्ड' म्हणतात. पॅरिसमध्ये ज्याँ-बाप्तिस्त लेताँ यांनी १८३२ मध्ये धातूचे साचे घडवायला सुरुवात केली. पुढे ड्रेस्डेनच्या आंटोन राइश यांच्या कारखान्यातले कल्हईच्या पत्र्याचे साचे गाजले. संग्राहक ते आजही जपतात.

साचा घेताना बहुतेकांची नजर आधी नक्षीवर जाते. खरे तर आधी ठरवायला हवे, चॉकलेट कोणते वापरणार. कोको बटर (कोकोच्या बियांतला स्निग्धांश) असलेले चॉकलेट टेंपर करावे लागते, म्हणजे ठरावीक तापमानांतून न्यावे लागते. गडद चॉकलेट सुमारे ४५ अंश सेल्सिअसला वितळवून २७-२८ अंशांपर्यंत निववतात आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणतात. असे चॉकलेट घट्ट होताना किंचित आकसते व साच्याची कड सोडते. त्याला पॉलिकार्बोनेट या टणक, पारदर्शक प्लास्टिकचाच साचा हवा. साचा उचलून खालून पाहावा: चिकटलेला भाग ओलसर, काळपट दिसतो, सुटलेला राखाडी. सगळे खळगे राखाडी झाले की साचा उलटा करून ओट्यावर हलकेच आपटायचा.

सिलिकॉनच्या साच्यातून मागून दाबले की वडी निघते, टेंपरिंग थोडे चुकले तरीही. मात्र आरशासारखी चकाकी येत नाही, आणि सारण भरायचे पातळ कवच काढताना तडकते. सिलिकॉन वासही धरून ठेवते, म्हणून चॉकलेटचा साचा वेगळाच ठेवावा.

दिवाळीच्या खोक्यांत भरली जाणारी घरगुती चॉकलेटे बहुधा कंपाउंडची असतात. त्यात कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य स्निग्धांश असल्याने टेंपरिंग लागत नाही. त्यासाठी पातळ प्लास्टिकचा स्वस्त साचा पुरतो. फक्त तो कढत पाण्यात धुऊ नये, वाकतो.

चॉकलेटच्या मोदकांना खव्याच्या मोदकांचा दुपाखी साचा वापरला, तर पातळ चॉकलेट सांध्यातून झिरपते आणि कळ्यांवर आडवी-उभी रेघ उमटते. अखंड खळग्यांचा सिलिकॉन साचा इथे अधिक बरा. शिवाय गणपती येतात पावसाळ्यात. फ्रीजमधून काढलेल्या साच्यावर तेव्हा लगेच दव धरते, त्यात साखर विरघळून वर पांढुरका थर येतो.

पॉलिकार्बोनेट कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून कापसाने पुसावे. घासणी किंवा सुरीचे टोक लावू नये. एक ओरखडा पडला की तो त्या खळग्यातल्या प्रत्येक चॉकलेटवर उमटतो.