‘राष्ट्राध्यक्षांची मुलगी’ हे पद आहे का?

उझबेकिस्तानच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या कन्या गुलनारा करिमोवा यांनी लाच घेतली का, हा प्रश्न ताश्कंद, वॉशिंग्टन आणि स्टॉकहोममध्ये वेगवेगळा वाजतो. ताश्कंदमध्ये त्यांना शिक्षा झाली. अमेरिकेत तीन परदेशी मोबाइल कंपन्यांनी पैसे दिल्याचं मान्य करून दंड भरला. स्टॉकहोममध्ये मात्र त्यातल्याच एका कंपनीचे तीन माजी वरिष्ठ अधिकारी निर्दोष सुटले. खाती आणि रकमा त्याच होत्या. घोडं अडलं ते ‘अधिकारी’ या एका शब्दावर.

वडील इस्लाम करिमोव १९८९मध्ये सोव्हिएत उझबेकिस्तानच्या पक्षाचे प्रमुख झाले आणि स्वातंत्र्यानंतर २ सप्टेंबर २०१६ला मृत्यू होईपर्यंत राष्ट्राध्यक्ष राहिले, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. नव्वदच्या दशकातली एकच गोष्ट इथे कामाची आहे. १९९१मध्ये थोरल्या मुलीचं, म्हणजे गुलनारा यांचं, लग्न अफगाण वंशाच्या एका अमेरिकन उद्योजकाशी झालं. शीतपेय बाटल्यांत भरण्याच्या उझबेकिस्तानातल्या धंद्यात त्याचा वाटा होता. २००१मध्ये संसार मोडला, आणि त्यापाठोपाठ या धंद्यावर सरकारी तपासण्यांचा मारा झाला, नवऱ्याच्या नातेवाइकांना देशाबाहेर काढलं गेलं. घटस्फोटाचा खटला न्यू जर्सीत चालला. घराण्याच्या मालमत्तेचा तपशील परक्या न्यायालयाच्या कागदावर आला तो तिथे. नंतरच्या सगळ्या प्रकरणात हेच पुन्हा पुन्हा दिसतं. देशात झाकलेलं ते परदेशातल्या कोर्टात उघडं पडतं.

आता मूळ यंत्रणा. मोबाइल सेवेला तीन सरकारी गोष्टी लागतात: परवाना, फ्रिक्वेन्सी आणि नंबरांची मालिका. उझबेकिस्तानात एका खासगी कंपनीला आपली फ्रिक्वेन्सी दुसरीला विकता येत नव्हती. त्यातून वाट काढली ती अशी. जिब्राल्टरला टाकिलांत नावाची एक कंपनी. तिची दर्शनी मालकीण करिमोवा यांची विशीतली सहायिका. या कंपनीची ताश्कंदमधली उपकंपनी सरकारी दूरसंचार नियामकाकडून फ्रिक्वेन्सी मिळवते. परदेशी कंपनी बाजारात उतरायला येते तेव्हा तिला स्थानिक भागीदार कोण, ते कळवलं जातं. पैसे देशाबाहेरच, टाकिलांतच्या खात्यावर जमा होतात. मग उपकंपनी फ्रिक्वेन्सीवरचा हक्क ‘सोडते’ आणि नियामक तीच फ्रिक्वेन्सी परदेशी कंपनीला देतो. कागदावर विक्री झालेलीच नसते. उझबेक तिजोरीला त्यातलं काही मिळत नाही.

दुसरी वाट शेअरची. २००७मध्ये तिघींतल्या स्वीडिश-फिनिश कंपनीने थ्रीजी परवाना, फ्रिक्वेन्सी आणि नंबरांच्या बदल्यात टाकिलांतला ३ कोटी डॉलर रोख आणि आपल्या उझबेक व्यवसायातला २६ टक्के हिस्सा दिला. सोबत एक कलम होतं: ठराविक काळानंतर हा हिस्सा ठरलेल्या किमान भावाने कंपनीलाच परत विकण्याचा हक्क. भाव वाढला तर नफा टाकिलांतचा, पडला तर तोटा कंपनीचा. २०१०मध्ये त्यातला २० टक्के हिस्सा कंपनीने २२ कोटी डॉलरला परत घेतला. भागीदाराने जोखीम कुठली उचलली, असं संचालक मंडळात कुणी विचारलं असतं तर उत्तर अवघड होतं. २००४चा रशियन कंपनीचा सौदा तर त्याहून उघडा. एकाच मोबाइल कंपनीचे ४१ टक्के शेअर एका विक्रेत्याकडून २.१ कोटी डॉलरला घेतले आणि ३३ टक्के करिमोवांच्या पडद्याआडच्या कंपनीकडून १० कोटींना. म्हणजे तोच शेअर जवळजवळ सहापट भावाने.

तिसरी वाट सल्ल्याची, आणि ती सगळ्यांत ओबडधोबड. नेदरलँड्समध्ये मुख्यालय असलेल्या तिसऱ्या कंपनीने २०११मध्ये फोरजीबाबतच्या ‘सल्ला सेवेसाठी’ टाकिलांतला ३ कोटी डॉलर दिले. सल्ला म्हणून जे अहवाल आले त्यांतला जवळजवळ सगळा मजकूर विकिपीडियावरून, इतर संकेतस्थळांवरून आणि त्याच कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून उचललेला होता. कंपनीने स्वतःचेच कागद पैसे मोजून परत विकत घेतले!

हा पैसा लॅटव्हिया, हाँगकाँग आणि स्वित्झर्लंडमधल्या खात्यांत फिरला. डॉलरमधले व्यवहार असल्यामुळे वाटेत न्यूयॉर्कच्या बँका आल्या, आणि एवढ्या धाग्यावर अमेरिकेला अधिकारक्षेत्र मिळालं. अमेरिकेच्या हिशेबाने तीन कंपन्यांनी मिळून ८६.५ कोटी डॉलरहून अधिक लाच दिली. दंड पुढीलप्रमाणे: २०१६मध्ये ७९.५ कोटी, २०१७मध्ये ९६.५ कोटी, २०१९मध्ये ८५ कोटी.

इथे एका शब्दाचा घोळ सांगायला हवा. अशा पैशाच्या खऱ्या धन्याला इंग्रजी कायद्यात जो शब्द आहे त्याचं शब्दशः मराठी ‘लाभार्थी मालक’ होतं, आणि आपल्याकडे लाभार्थी म्हणजे घरकुलाच्या यादीतलं नाव. त्यापेक्षा आपला ‘बेनामी’ बरा. अर्थात बेनामी म्हणजे बिननावाचं नव्हे. नाव असतं, दुसऱ्याचं असतं.

करिमोवा यांचं सार्वजनिक आयुष्य याच काळात फुललं. २००८मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांपुढे देशाच्या प्रतिनिधी, २०१०मध्ये स्पेनमधल्या राजदूत, ‘गुली’ नावाचे कपडे-दागिने, ‘गुगूशा’ या नावाने पॉप गाणी, ताश्कंदमध्ये कला आणि समाजकार्याची मोठी संस्था. सप्टेंबर २०११मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन सप्ताहातला त्यांचा कार्यक्रम रद्द झाला. कारण कापूस. उझबेक शेतांत शाळकरी मुलांकडून तेव्हा सक्तीने कापूस वेचून घेतला जायचा, यावरून आंदोलकांनी आयोजकांना घेरलं होतं. हे सगळं हौसेचं आणि पैसा वेगळा, अशी विभागणी वृत्तपत्रांनी बराच काळ केली. ती चूक होती. मोबाइल कंपन्यांच्या देणग्या आणि प्रायोजकत्व त्यांच्याशी संबंधित संस्थांकडे गेलं, रशियन कंपनीकडूनच सुमारे ११ लाख डॉलर. राजनैतिक पदामुळे जिनिव्हात अटकेपासून संरक्षण मिळालं. २०१३मध्ये ते पद गेलं, आणि स्विस तपास थेट त्यांच्या नावाने सुरू झाला.

तपासाला तोंड फुटलं ते २०१२च्या उन्हाळ्यात, तेही उझबेक सरकारच्याच एका कारवाईमुळे. रशियन कंपनीच्या उपकंपनीवर ताश्कंदमध्ये धाडी पडल्या, परवाना रद्द झाला, सुमारे ९५ लाख ग्राहकांचे फोन बंद पडले. उपकंपनीचा प्रमुख त्याआधीच देश सोडून गेला होता. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय नोटीस निघाली. पण करिमोवांच्या पैशाची जिनिव्हातली काही खाती याच माणसाच्या नावे होती. नोटीस पाहिल्यावर बँकेला संशयित व्यवहारांचा अहवाल द्यावाच लागला. खात्यांची आवराआवर करायला आलेले दोन साथीदार तिथेच पकडले गेले. सुमारे ८० कोटी स्विस फ्रँक गोठले. बेनामीची मुख्य अडचण हीच असते: नाव देणाऱ्याला पेचात धरलं की धनीही पेचात येतो.

आता स्टॉकहोमचा निकाल. फेब्रुवारी २०१९मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयाने आणि २०२१मध्ये अपिली न्यायालयाने स्वीडिश-फिनिश कंपनीच्या तिन्ही माजी अधिकाऱ्यांना सोडलं. पैसा गेला नाही किंवा टाकिलांत स्वतंत्र होती, असं कोर्टाचं म्हणणं नव्हतं. प्रश्न कलमाचा होता. त्या वेळच्या स्वीडिश कायद्यात लाच म्हणजे घेणाऱ्याच्या पदाशी किंवा कामाशी जोडलेला मोबदला. करिमोवांकडे दूरसंचार खात्यातलं कुठलंही काम होतं, हे सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. राजनैतिक पदं होती, पण राजदूत फ्रिक्वेन्सी वाटत नाही. ज्यांनी ती वाटली त्या नियामकातल्या कुणाला पैसा पोचल्याचा पुरावा नव्हता. उरलं ते वडिलांवरचं वजन. वजन विकणं हा स्वतंत्र गुन्हा स्वीडनमध्ये १ जुलै २०१२ला आला. परवान्याचे सौदे त्याच्या आधीचे.

या निकालावर फार टीका झाली. कायद्याच्या चौकटीत तो चूक म्हणता येत नाही. फौजदारी कलम मागच्या तारखेने ताणायचं नसतं. पण वस्तुस्थितीचं आकलन म्हणून तो तोकडा आहे. ज्या देशात नियामक, कर खातं आणि सुरक्षा यंत्रणा एका घराच्या शब्दावर हलतात, तिथे ‘तुमच्याकडे कोणतं खातं होतं’ हा प्रश्न चुकीच्या दारावर टकटक करतो. आपल्याकडच्या १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात ‘लोकसेवक’ कोण, याची व्याख्या लांबलचक आहेच. शिवाय लोकसेवकावर वैयक्तिक वजन वापरण्यासाठी पैसे घेणाऱ्याला मूळ कायद्यातच कलम ९ होतं. २०१८च्या दुरुस्तीनंतर ते ७अ मध्ये आलं. तो घेणारा स्वतः अधिकारी असायची गरज नाही. पुतण्या, जावई, मुलगी, कुणीही चालतो. कलम असणं आणि ते वापरलं जाणं यांतलं अंतर मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

अमेरिकेने हा पेच वेगळ्या बाजूने टाळला. १९७७चा तिथला परदेशी लाचविरोधी कायदा देणाऱ्याला पकडतो, घेणाऱ्याला नाही. म्हणून कंपन्यांच्या कागदपत्रांत करिमोवांचा उल्लेख ‘परदेशी अधिकारी’ असा आला, तर मार्च २०१९मध्ये खुद्द त्यांच्यावर आरोप ठेवला गेला तो पैसा धुण्याच्या कटाचा.

देशातला हिशेब थोडक्यात. फेब्रुवारी २०१४पासून त्या नजरकैदेत होत्या. ऑगस्ट २०१५ला शिक्षा झाली, पण जगाला ते कळलं जुलै २०१७मध्ये, वडील वारल्यानंतर. मार्च २०१९मध्ये नजरकैदेच्या अटी मोडल्याच्या कारणावरून तुरुंगात रवानगी, मार्च २०२०मध्ये १३ वर्षं ४ महिन्यांची शिक्षा. बंद दरवाजाआडच्या या खटल्यांच्या दर्जाबद्दल स्वित्झर्लंडमध्येही शंका घेतल्या गेल्या.

सध्याचा वाद पैसा परत कुणाला द्यायचा, हा आहे. उझबेक सरकारचं म्हणणं, राज्याला द्या. परदेशातल्या उझबेक कार्यकर्त्यांचं म्हणणं, ज्या यंत्रणेने लुटीला वाट दिली तिच्याच हाती नको. २०२२मध्ये स्वित्झर्लंडने मधला मार्ग काढला: सुमारे १३.१ कोटी डॉलर संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या ‘इशोंच’ म्हणजे विश्वास या नावाच्या निधीतून खर्च करायचे. पहिलं काम माता आणि नवजात बाळांच्या आरोग्याचं घेतलं. फ्रान्सने जप्त घरांच्या विक्रीतून १ कोटी डॉलर दिले. ब्रिटनमध्ये २०२३ साली लंडनच्या मध्यभागातले फ्लॅट आणि सरेतला एक वाडा मिळून सुमारे २ कोटी पौंडांची मालमत्ता ताब्यात आली.

सप्टेंबर २०२३मध्ये स्विस सरकारी वकिलांनी करिमोवांवर गुन्हेगारी संघटना चालवल्याचं आरोपपत्र ठेवलं. त्या संघटनेला आतली माणसं ‘ऑफिस’ म्हणत. नोव्हेंबर २०२४मध्ये जिनिव्हातल्या एका जुन्या खासगी बँकेवरही आरोपपत्र आलं. बँकेला आरोप मान्य नाहीत. करिमोवांवरचं आरोपपत्र आलं तेव्हा ३४ कोटींहून अधिक फ्रँक कायमचे जप्त झाले होते आणि ४४ कोटींहून अधिक अजून गोठलेलेच होते.