प्रतिलेखन घटक : रक्तपेशींची घडण आणि ल्युकेमिया

डीएनएवरील ठरावीक क्रमांना चिकटून जनुके चालू किंवा बंद करणाऱ्या प्रथिनांना प्रतिलेखन घटक म्हणतात. अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून लाल पेशी, प्लेटलेट, लिंफोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) आणि जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी घडतात. मूलपेशीतील जनुकसंच एकच. त्यातले काय वाचले जाईल, यावर तिची वाट ठरते.

रंक्स-१ हा या क्षेत्रातील सर्वाधिक अभ्यासलेला घटक. त्याचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे भ्रूण १२व्या-१३व्या दिवसाच्या सुमारास रक्तस्राव होऊन मरतात, असे १९९६ मध्ये दिसून आले. पीतक पिशवीतील (भ्रूणाला जोडलेल्या पिशवीतील) आरंभीच्या लाल पेशी त्यांच्यात होत्या. भ्रूणात पुढे जिथे रक्त बनते त्या यकृतात मात्र कायमस्वरूपी रक्तनिर्मिती सुरूच झाली नव्हती. प्रौढ उंदरात हेच जनुक काढले, तर रक्तनिर्मिती थांबत नाही, प्लेटलेट आणि लिंफोसाइट मात्र घटतात. म्हणजे रक्तनिर्मितीच्या आरंभाला रंक्स-१ अटळ आहे, पुढे ती चालू राहण्यासाठी तितका नाही.

पेशीची वाट नेमकी कोण ठरवतो, हा जुना वाद आहे. गाटा-१ आणि पीयू-१ हे आणखी दोन प्रतिलेखन घटक : गाटा-१ लाल पेशी आणि प्लेटलेटच्या बाजूचा, तर पीयू-१ भक्षक पेशींच्या बाजूचा. दोन्ही प्रथिने एकमेकांना चिकटून एकमेकांचे काम रोखतात, हे १९९९-२००० च्या सुमारास दाखवले गेले. त्यावरून मूलपेशीत दोन्ही थोडीथोडी असतात आणि योगायोगाने ज्याचे पारडे जड होते तिकडे पेशी झुकते, अशी मांडणी रूढ झाली. ती आकर्षक आहे आणि पाठ्यपुस्तकांत अजून आढळते. परंतु २०१६ मध्ये एकेका जिवंत पेशीतील या प्रथिनांचे प्रमाण दिवसेंदिवस मोजले असता, अशी चढाओढ निर्णयाआधी आढळली नाही. निर्णय आधीच्या टप्प्यावर होतो आणि हे घटक तो पक्का करतात, हे मत सध्या अधिक ग्राह्य वाटते.

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, ही घडण अर्ध्यावर अडते. अमेरिकी संशोधक जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये ८ व २१ या गुणसूत्रांमधील तुकड्यांची अदलाबदल ओळखली. तिच्यामुळे तुटणारे जनुक रंक्स-१ चेच, हे १९९१ मध्ये उलगडले. ते दुसऱ्या गुणसूत्रावरील जनुकाला जोडले जाते. त्यातून तयार झालेले जोडप्रथिन डीएनएला पूर्वीच्याच जागी चिकटते, पण जनुके उघडण्याऐवजी बहुतांशी दाबून ठेवते. एवढ्यानेच आजार होत नाही : पुढे ल्युकेमिया झालेल्या काही मुलांच्या जन्मवेळच्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यांत ही अदलाबदल सापडली, आजार मात्र काही वर्षांनी आला.

अडलेली घडण पुन्हा सुरू करता येते, याचा सर्वांत सुंदर पुरावा ल्युकेमियाच्या प्रोमायलोसायटिक या प्रकारात मिळतो. त्यात १५ व १७ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून पीएमएल नावाचे प्रथिन आणि रेटिनॉइक आम्लाचा (अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचा) ग्राहक, म्हणजे ते आम्ल पकडणारे प्रथिन, जोडले जातात. हा ग्राहक स्वतः प्रतिलेखन घटकच आहे. शांघायमधील वांग झेन्यी यांच्या गटाने ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल दिलेल्या २४ रुग्णांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांचा आजार पूर्ण शमला होता. उपचारानंतरच्या रक्ताच्या काचपट्टीवर खंडित केंद्रकाच्या परिपक्व न्यूट्रोफिलमध्ये (एका प्रकारच्या भक्षक पेशीत) ऑअर काड्या दिसतात. या काड्या कर्कपेशीची खूण. म्हणजे तीच पेशी मारली न जाता वयात आली. नुसत्या या औषधाने आलेले शमन टिकत नसे. आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे जोडप्रथिनच नष्ट करवते, म्हणून आता दोन्ही एकत्र देतात.

डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांच्या मेगाकॅरिओब्लास्टिक ल्युकेमियात (प्लेटलेट घडवणाऱ्या पेशींच्या) गाटा-१ चे आखूड रूप सापडते (२००२). बी-पेशींच्या (एका प्रकारच्या लिंफोसाइटच्या) तीव्र ल्युकेमियात इकारॉस आणि पॅक्स-५ या प्रतिलेखन घटकांची जनुके वारंवार बिघडलेली असतात.