पुण्याहून वेस्ट बँकेत उन्हाळ्यासाठी घरी जाताना: पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांची कागदपत्रे आणि परतीची तयारी

पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत शिकणारे पॅलेस्टिनी विद्यार्थी मे महिना उजाडला की घरी जाण्याच्या तयारीला लागतात आणि त्यांच्याबरोबर वसतिगृहाचे रेक्टर, घरमालक, वर्गमित्र व विदेशी विद्यार्थी कक्षातील कर्मचारीही कागदपत्रांच्या गुंत्यात ओढले जातात. ही माहिती मुख्यतः या मदतीला येणाऱ्या मंडळींसाठी लिहिली आहे. विद्यार्थ्याला जॉर्डनमधून वेस्ट बँकेत, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी प्रदेशात, नेणाऱ्या पुलाचे नियम लहानपणापासून ठाऊक असतात, पण आपल्याकडच्या कचेऱ्यांची रीत ठाऊक नसते. आपल्याला कचेऱ्यांची सवय असते, पण तो पूल कशाशी खातात याची कल्पना नसते. बहुतेक प्रकरणे अडकतात ती या दोन अज्ञानांच्या मध्ये, आणि बहुधा जाताना नव्हे तर परत येताना. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी परतीची कागदपत्रे पूर्ण आहेत का, हे आधी पाहावे.

पहिला प्रश्न घरी जाता येईल का, या पात्रतेचा आहे आणि तो पासपोर्टवरून नव्हे, ओळखपत्रावरून सुटतो. पॅलेस्टिनी प्राधिकरण, म्हणजे पॅलेस्टिनींचे मर्यादित अधिकारांचे सरकार, १९९५ पासून पासपोर्ट देते, परंतु लोकसंख्येची मूळ नोंदवही इस्रायलच्या नियंत्रणाखाली आहे आणि तिच्यातील क्रमांकाशिवाय कोणताही रहिवासी सीमेवरून आत जाऊ शकत नाही. वेस्ट बँकेत नोंद असलेल्या विद्यार्थ्याकडे हिरव्या वेष्टनातले ओळखपत्र असते. पूर्व जेरुसलेमच्या रहिवाशाकडे निळे असते. आणि गाझात नोंद असलेल्याचे प्रकरण पूर्णपणे वेगळे आहे. महाविद्यालयाच्या अर्जावर तिघांचेही राष्ट्रीयत्व ‘पॅलेस्टाईन’ असेच लिहिलेले असते. त्यामुळे एकाला लागू पडलेला सल्ला दुसऱ्याला देण्याची चूक फार सहज होते.

गाझाच्या विद्यार्थ्याबद्दल आधी सांगितले पाहिजे. ७ मे २०२४ रोजी इस्रायली सैन्याने गाझा आणि इजिप्तमधील रफाह नाक्याची पॅलेस्टिनी बाजू ताब्यात घेतल्यापासून सुटीपुरते जाऊन परत येण्यासाठी त्या मार्गावर विसंबता येत नाही, आणि जॉर्डनमार्गे जायचे म्हटले तर गाझावासीयाला जॉर्डन सरकारचे ‘ना हरकत’ पत्र आधीच हाती असावे लागते, जे मिळणे मुळातच दुरापास्त आहे. तेव्हा त्याच्यासाठी उन्हाळ्यातील खरी अर्जप्रक्रिया म्हणजे इथेच राहण्याची: वसतिगृह सुटीत बंद होणार असेल तर राहण्याची लेखी परवानगी, व्हिसाची मुदतवाढ आणि शिष्यवृत्ती चालू असल्यास संबंधित कार्यालयाला तसे कळवणे. अशा मुलाला ‘सुटीत घरी का जात नाहीस’ असे कार्यालयात कोणी विचारू नये, एवढीही अपेक्षा अनेकदा पुरी होत नाही. जो विद्यार्थी प्रत्यक्षात वेस्ट बँकेतील रामल्ला किंवा नाब्लुसमध्ये वाढला, पण ज्याचा नोंदवहीतील पत्ता अजून गाझाचा आहे, त्यानेही स्वतःला याच वर्गात धरावे. गाझाचा पत्ता बदलून वेस्ट बँकेचा करण्याची प्रक्रिया २००० सालापासून जवळजवळ गोठलेली आहे आणि अधूनमधून दिलेल्या सवलतींत आपले नाव होते की नाही, हे घरच्यांकडून खात्रीने कळल्याशिवाय प्रवास करू नये.

जेरुसलेमच्या विद्यार्थ्याचा धोका वेगळा आहे. इस्रायलच्या दृष्टीने तो नागरिक नाही, ‘कायम रहिवासी’ आहे, आणि १९७४ च्या प्रवेशविषयक नियमांनुसार सात वर्षे बाहेर राहिल्यास किंवा दुसऱ्या देशाचे नागरिकत्व अथवा कायम निवास घेतल्यास हा दर्जा जाऊ शकतो. पुण्यात पदवी, मग पदव्युत्तर आणि त्यानंतर पीएच.डी. करणाऱ्याची सात वर्षे कधी भरली हे त्याचे त्यालाही कळत नाही. शिवाय ‘जीवनाचे केंद्र’ जेरुसलेमच आहे हे दाखवण्याची जबाबदारी रहिवाशावर टाकलेली असल्याने प्रत्येक उन्हाळी भेटीचा पुरावा, म्हणजे बोर्डिंग पास, नोंदी आणि पुलावर मिळालेली कागदाची चिठ्ठीसुद्धा, फाईलला लावून ठेवावी. भेट झाली एवढ्याने अधिकार आपोआप टिकतो, असा भाबडा समज ठेवू नये. त्याच्या जोडीला घराची बिले, विमा आणि कुटुंबाच्या वास्तव्याचे पुरावे लागतात.

घरची वडीलधारी माणसे दर उन्हाळ्याला ‘एकदा तरी येऊन जा’ म्हणून मागे लागतात, त्यामागे केवळ माया नसते. १९६७ ते १९९४ या काळात वेस्ट बँकेतून बाहेर पडणाऱ्याला ओळखपत्र नाक्यावर जमा करून तीन वर्षांच्या मुदतीचे कार्ड घ्यावे लागे, आणि वाढवून घेतलेली मुदतही उलटून गेली की निवासाचा हक्क जाई. अशा सुमारे १,४०,००० लोकांचे हक्क गेले, हे २०११ मध्ये उघड झाले आणि त्यांत परदेशी शिकायला गेलेले विद्यार्थीही होते. आज वेस्ट बँकेच्या रहिवाशाला ओळखपत्र पुलावर सोडावे लागत नाही, पण ती भीती दोन पिढ्या पुरली आहे. त्यामुळे ‘यंदा तिकीट महाग आहे, पुढच्या वर्षी जा’ हा आपला सल्ला त्यांना फारसा पटत नाही, तो यामुळे.

आता भारतातील बाजू पाहू. सर्वाधिक अर्ज इथेच अडतात. विद्यार्थी व्हिसा बहुधा वर्षभरापुरता असतो आणि दर वर्षी परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ‘ई-एफआरआरओ’ या संकेतस्थळावरून वाढवून घ्यावा लागतो. मुदतवाढीसाठी पुढील वर्षाचे बोनाफाईड, म्हणजे महाविद्यालयात शिकत असल्याचा दाखला, लागते; बोनाफाईड पुढील वर्षाच्या प्रवेशाशिवाय मिळत नाही; प्रवेश निकालाशिवाय होत नाही; आणि आपल्या विद्यापीठांचे निकाल कधी लागतात हे सांगायला नको. व्हिसा जूनअखेर संपत असेल आणि निकाल ऑगस्टमध्ये लागणार असेल, तर विद्यार्थ्याकडे असा कागद मागितला जातो जो त्या तारखेला जगात कुणाकडेच असू शकत नाही. यावर वाट काढता येते. महाविद्यालयाने स्वतःच्या पत्रशीर्षावर स्पष्ट लिहून द्यावे की अभ्यासक्रम इतक्या वर्षांचा आहे, विद्यार्थी अमुक वर्षाच्या परीक्षेला बसला आहे, निकाल प्रलंबित आहे आणि पुढील सत्र अमुक महिन्यात सुरू होणार आहे. ‘बोनाफाईडचा ठरलेला नमुना आहे, त्यात हे बसत नाही’ असे उत्तर काउंटरवर मिळाले, तर तिथे वाद न घालता प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. हे काम एप्रिलमध्येच करावे, कारण मेच्या मध्यापासून सह्या करणारे लोक सुटीवर असतात.

मुदत वाढली नाही आणि विद्यार्थी तसाच निघाला, व्हिसा तो घरी असताना संपला, तर त्याला रामल्ला येथील भारताच्या प्रतिनिधी कार्यालयातून नवा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. हे अशक्य नाही, पण तेथेही तेच बोनाफाईड मागितले जाते, आणि ते पाठवायला पुण्यात कुणीतरी लागते. म्हणून निघण्यापूर्वी एका विश्वासू मित्राला महाविद्यालयातून कागद घेण्याचे अधिकारपत्र देऊन ठेवावे. दुसरी गोष्ट, व्हिसावर प्रवेशांची संख्या काय लिहिली आहे हे डोळ्यांनी वाचावे. ‘एकदाच प्रवेश’ असा व्हिसा असेल, तर निघण्यापूर्वी ई-एफआरआरओवरून परतीच्या व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, आणि ही बाब विमानतळावर लक्षात आल्यास तिथे काहीही करता येत नाही. व्हिसाची तारीख आणि परकीय नागरिक म्हणून झालेल्या नोंदणीच्या प्रमाणपत्राची तारीख या दोन वेगवेगळ्या असू शकतात, दोन्ही तपासाव्यात. आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्तीवरील विद्यार्थ्याने भारत सोडण्यापूर्वी विद्यापीठाला आणि आयसीसीआरच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवून लेखी परवानगी घ्यावी.

नावाचा घोळ क्षुल्लक वाटतो, पण तो प्रत्येक टप्प्यावर आडवा येतो. पॅलेस्टिनी पासपोर्टवर स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे आणि कुळाचे अशी चार नावे असतात. आपल्याकडच्या अर्जांत मात्र नाव आणि आडनाव एवढ्याच चौकटी असल्यामुळे एका कागदावर आजोबा आडनाव होतात, तर दुसऱ्यावर वडील गळून जातात. बोनाफाईड, नोंदणी प्रमाणपत्र आणि तिकीट या तिन्हींवर नाव पासपोर्टातील इंग्रजी अक्षरांप्रमाणे, त्याच क्रमाने असावे. बोनाफाईडवरील चूक अर्ध्या तासात सुधारता येते. नोंदणी प्रमाणपत्रावरची सुधारायला नव्याने अर्ज करावा लागतो.

पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर दिल्लीतील पॅलेस्टाईनच्या दूतावासामार्फत नूतनीकरण होते, पण नवा पासपोर्ट रामल्ल्याहून येतो. त्यामुळे त्याला काही आठवडे लागतील असे धरूनच चालावे. नवा पासपोर्ट आला की जुना टाकून देऊ नये, कारण भारतीय व्हिसा त्यातच असतो. ओळखपत्र हरवले असेल, तर ते पुण्यात मिळत नाही. घरच्यांना तेथील गृह खात्याच्या कार्यालयात चौकशी करायला सांगावे आणि निदान जुन्या ओळखपत्राची स्पष्ट प्रत व क्रमांक जवळ ठेवावा.

हिरव्या ओळखपत्राच्या विद्यार्थ्यासाठी प्रवासाचा मार्ग एकच आहे आणि तो समजून घेतला नाही तर तिकीट चुकीचे निघते. वेस्ट बँकेत चालू विमानतळ नाही, आणि हिरव्या ओळखपत्राच्या रहिवाशाला सामान्यतः तेल अवीवजवळच्या बेन गुरियन विमानतळाचा वापर करता येत नाही. ‘इस्रायलला थेट तिकीट स्वस्त आहे’ असे सुचवणारे एजंट आपल्याकडे आहेत. त्यांचे ऐकू नये. तिकीट मुंबई ते अम्मानचे काढायचे. मुंबईच्या चेक-इनला हटकून जॉर्डनचा व्हिसा विचारला जातो. अशा वेळी वेस्ट बँकेचे ओळखपत्र आणि जॉर्डनने तिथल्या रहिवाशांना दिलेले हिरवे पूल-कार्ड दाखवावे, आणि काउंटरवरील कर्मचाऱ्याला ते कळत नसेल तर शांतपणे पर्यवेक्षकाला बोलावण्याची विनंती करावी. विमानतळावर तीन तास आधी पोचणे या प्रवाशासाठी पुरेसे नसते.

अम्मानहून पुलापर्यंत आणि पलीकडे तीन यंत्रणा ओलांडायच्या असतात: आधी जॉर्डनची, मग इस्रायलची आणि शेवटी जेरिको येथील पॅलेस्टिनी टर्मिनल. हाच पूल जॉर्डनमध्ये किंग हुसेन, इस्रायलमध्ये ॲलेन्बी आणि पॅलेस्टिनी लोकांत करामा या नावाने ओळखला जातो. बुकिंग करताना गोंधळू नये. सामान आधीच वेगळे घेतले जाते, प्रत्येक बॅगेचे पैसे लागतात, आणि प्रवासी बसमधून पुढे गेल्यावर बॅगा दुसऱ्या ढिगात शोधाव्या लागतात. बॅगेला ठळक रंगाची पट्टी बांधलेली बरी. शुक्रवारी आणि शनिवारी वेळ कमी असतो, यहुद्यांच्या योम किप्पुरला आणि बकरी ईदला पूल बंद असतो, आणि ईद दर वर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत असल्यामुळे गेल्या वर्षीची तारीख यंदा उपयोगाची नसते. हाजी परतण्याचे दिवस आणि उन्हाळी सुटी एकत्र आली की पुलावर अतोनात गर्दी होते. सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गोळीबारानंतर पूल काही दिवस बंद राहिला, आणि जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्धात जॉर्डनचे आकाशच काही काळ बंद झाले. म्हणून तिकीट तारीख बदलता येण्याजोगे असावे आणि अम्मानमध्ये एक रात्र काढता येईल एवढे दिनार रोख हाती असावेत. पुलावर मोबाईल तपासला जाऊ शकतो, हे विद्यार्थ्याला माहीत असते. आपण इथून त्याला त्या दिवशी राजकीय चित्रे आणि संदेश पाठवू नयेत, एवढे पथ्य मित्रांनी पाळावे.

घरी जाणे जमले, की खरा प्रश्न परत निघण्याचा उरतो. वेस्ट बँकेच्या रहिवाशाला आत येऊ दिले, याचा अर्थ बाहेर जाऊ देतील असा होत नाही. इस्रायली सुरक्षा यंत्रणांनी प्रवासबंदी घातलेली असल्यास अनेकांना ती पुलावर पोचल्यावरच समजते, आणि कारण सांगितले जात नाही. घरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात पॅलेस्टिनी नागरी व्यवहार खात्याच्या कार्यालयात चौकशी करावी आणि बंदी असल्यास तिच्याविरुद्ध अर्ज करावा. जेरुसलेममधील हामोकेद ही मानवाधिकार संस्था अशा प्रकरणांत रहिवाशांच्या वतीने पाठपुरावा करते. उत्तर यायला अनेक आठवडे जातात, त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस सुरू केलेली धावपळ फुकट जाते. अर्जाला जोडायला सत्र सुरू होण्याची तारीख लिहिलेले महाविद्यालयाचे इंग्रजी पत्र फार उपयोगी पडते. त्याच्या शिक्क्यासह दोन मूळ प्रती निघतानाच द्याव्यात.

शेवटची अडचण पुण्यातली आहे. भाडे वाचवण्यासाठी विद्यार्थी मेमध्ये खोली सोडतात, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारही त्याच सुमारास संपतो, आणि परत आल्यावर मित्राच्या खोलीवर तात्पुरते राहतात. मग मुदतवाढीच्या अर्जाला पत्त्याचा पुरावा नसतो. पत्ता बदलला तर परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे, आणि घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती, सगळे ज्याला अजून ‘सी फॉर्म’ म्हणतात, ती आल्यापासून २४ तासांत भरायची असते. नवा व्हिसा घेऊन आलेल्याने १४ दिवसांत नव्याने नोंदणी करायची. हे दिवस भारतात उतरल्यापासून मोजायचे असतात, कॉलेज सुरू झाल्यापासून नव्हे. ज्या घरमालकाला विदेशी विद्यार्थ्याचा करार नोंदवायचा कंटाळा येतो त्याच्याकडे, भाडे कितीही कमी असले तरी, या मुलांनी खोली घेऊ नये.