मॅनर हाऊसच्या पूर्वमालकांचा शोध

मॅनर हाऊसच्या पूर्वमालकांचा शोध : इंग्लंडमधील गावोगावच्या जुन्या जमीनदारी वाड्यांची मालकी खते, निवाडे, मृत्युपत्रे आणि महसुली नोंदी यांच्या आधारे आजपासून मागे लावत नेण्याची पद्धत. साधने चांगली टिकली असतील, तर हा माग अकराव्या शतकापर्यंत पोहोचतो.

‘मॅनर’ म्हणजे मुळात घर नव्हे. जमीन, कुळांकडून येणारा खंड व सेवा आणि स्वतःची न्यायसभा भरवण्याचा अधिकार अशा हक्कांचा तो समूह होता. एका गावात दोन-तीन मॅनर असत, तर कधी एकच मॅनर अनेक गावांत पसरलेले असे. हक्क एकाकडे आणि वाडा दुसऱ्याकडे असेही घडे. म्हणून आपण घराचा माग काढतो आहोत की हक्काचा, हे आधीच ठरवावे लागते.

ऑक्सफर्डशर परगण्यात थेम्स नदीकाठी असलेल्या केल्मस्कॉट मॅनरवरून ही अडचण नीट कळते. सुमारे १६०० मध्ये टर्नर या शेतकरी घराण्याने बांधलेले हे घर मूळचे शेतघर होते. त्याला ‘मॅनर’ हे नाव एकोणिसाव्या शतकात चिकटले. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस याने १८७१ मध्ये चित्रकार रोझेटी याच्यासह ते भाड्याने घेतले आणि पुढे ते मॉरिसचे घर म्हणूनच प्रसिद्ध झाले. तरीही १८९६ मध्ये मरेपर्यंत मॉरिस तेथे भाडेकरूच राहिला. घर खरेदी केले ते त्याची विधवा जेन हिने, १९१३ मध्ये. मुलगी मे हिच्या मृत्युपत्रान्वये ते ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे गेले आणि १९६२ पासून लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुराभ्यासकांच्या संस्थेकडे आहे. जनगणनेचे तक्ते हाताळताना हे उदाहरण लक्षात ठेवावे, कारण त्यांत राहणाऱ्याचे नाव असते, मालकाचे नसते.

शोध अलीकडून सुरू करणे श्रेयस्कर. जमीन नोंदणी कार्यालय १८६२ मध्ये स्थापन झाले असले, तरी विक्रीनंतरची सक्तीची नोंदणी संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू व्हायला १ डिसेंबर १९९० उजाडला. त्याआधीचा आधार म्हणजे खासगी खते. १९२५ च्या कायद्याने मालकी सिद्ध करण्यास साधारणपणे तीस वर्षांची कागदपत्रे पुरेशी ठरवल्यामुळे त्यापूर्वीची कितीतरी चर्मपत्रे निरुपयोगी समजून टाकून देण्यात आली. ही हानी कधीच भरून निघणारी नाही. जी वाचली त्यांपैकी पुष्कळशी परगण्यांच्या अभिलेखागारांत आहेत. १९१० च्या जमीन मूल्यांकनाच्या वह्या आणि १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेले दशांशकराचे (चर्चला द्यावयाच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचे) नकाशे व त्यांसोबतच्या याद्या येथे फार उपयोगी पडतात, कारण त्यांत मालक आणि वहिवाटदार यांची नावे वेगवेगळी दिलेली असतात.

मॅनरच्या न्यायसभेच्या गुंडाळ्यांत कुळांच्या जमिनींचे हस्तांतर नोंदलेले असते. जमीन सोडणारा काठीचे टोक कारभाऱ्याच्या हाती देई, तीच काठी नव्या कुळाच्या हाती जाई आणि नोंदीची नक्कल हाच त्याचा हक्काचा कागद ठरे. सभा कोणाच्या नावाने भरली हे बहुधा मथळ्यातच लिहिलेले असल्याने मॅनरच्या धन्यांची क्रमवारी येथून लावता येते. ही नक्कलधारी पद्धत १ जानेवारी १९२६ रोजी संपली. मॅनरचे कागद कोठे आहेत याची सूची मात्र लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागार आजही राखते.

मध्ययुगासाठी दोन साधने विशेष मोलाची आहेत. राजाकडून थेट जमीन धारण करणारा वारला की वारस कोण आणि त्याचे वय काय, याची चौकशी होई. दुसरे साधन म्हणजे ११९५ ते १८३३ या काळातील तडजोडपत्रे. खरेदीदार विक्रेत्यावर बहुधा लटका दावा लावी आणि तडजोड एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून ते नागमोडी कापले जाई. दोन तुकडे पक्षकारांना मिळत, तळाचा न्यायालयात राही. कापलेल्या कडा जुळल्या की दस्त खरा. १७३३ पर्यंतचे असे बहुतेक न्यायालयीन लेखन लॅटिनमध्ये आहे. शिवाय १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे फेब्रुवारी १६४० अशी नोंद आजच्या गणनेने १६४१ ची ठरते. सर्वांत मागचा टप्पा म्हणजे १०८६ चे डूम्सडे बुक, म्हणजेच राजा पहिला विल्यम याने करवलेल्या जमिनींच्या पाहणीची नोंद. त्यात त्या वेळच्या धारकाबरोबरच १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीचा धारकही बहुधा सांगितलेला असतो.

काही मालकांनी हे काम स्वतःच केले होते. विल्टशरमधील ग्रेट चॅलफील्डचा वाडा बांधणारा थॉमस ट्रॉपनेल याच्या हक्काला प्रतिस्पर्धी दावेदार होते, म्हणून पंधराव्या शतकात त्याने आपल्या जमिनींच्या जुन्या दस्तांच्या नकला एका जाड ग्रंथात उतरवून घेतल्या. हा ग्रंथ १९०८ मध्ये छापून प्रसिद्ध झाला आणि त्या वाड्याच्या इतिहासाचा तो मुख्य आधार आहे. पण तो एका पक्षकाराने आपली बाजू मांडण्यासाठी रचलेला असल्याने त्यातील प्रत्येक दुवा न्यायालयात राहिलेल्या तुकड्यांशी ताडून पाहावा लागतो.