औषधांचे दुष्परिणाम व परस्परक्रिया (कोकण किनारा)

नेहमीच्या मात्रेतही औषधाने होणारा त्रास म्हणजे दुष्परिणाम. एका औषधाचे काम दुसऱ्या औषधामुळे किंवा खाण्यामुळे बदलले, तर ती परस्परक्रिया. कोकणात ही ओळखताना डॉक्टरांच्या चिठ्ठीइतकेच रुग्णाचे ताटही पाहावे लागते.

क्षयरोगावरील आयसोनियाझिडचेच घ्या. बांगडा, कुपा अशी मासळी बर्फाविना राहिली की तिच्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारे रसायन तयार होते. एरवी शरीर ते मोडून टाकते. आयसोनियाझिड नेमके त्या कामाच्या आड येते. जेवून हात धुतल्यावर थोड्याच वेळात रुग्णाचा चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छातीत धडधडते, अंगाला खाज सुटते. हिस्टामिन शिजवून वा तळून जात नाही, आणि वासावरून ते दर वेळी कळतेच असे नाही. कालवण घरात सगळ्यांनी खाल्लेले, त्रास मात्र एकालाच; मग दोष गोळीवर येतो आणि उपचार सुटतो. अर्धवट उपचारातून औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवू शकतो, म्हणून मासळी ताजीच खाण्याबद्दल पहिल्याच दिवशी सांगायला हवे. सोबतच्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डोळे पिवळे झाले, भूक मेली, तर मात्र यकृताचा धोका; त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस हा दूषित चिखलपाण्यातून होणारा ताप टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन देतात. लोहाच्या गोळीसोबत ते नीट शोषले जात नाही. घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवे झाल्यास ते अन्ननलिकेत अडकून छातीत जळजळते. लावणीने कंबर धरली की दुकानातून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी येते. रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असेल, तर मूत्रपिंडाला हे तिहेरी ओझे झेपत नाही. अशा मूत्रपिंडाला रोजच्या शहाळ्यातले पोटॅशियमही जड जाते.

म्हाताऱ्या माणसाच्या घोट्यावर बोट दाबून खळगा पडला, तर उशाजवळची औषधांची पिशवी खाटेवर रिकामी करून पाहावी. गावच्या डॉक्टरांची रक्तदाबावरची अम्लोडिपिन आणि गणपतीला आलेल्या चाकरमानी मुलाने मुंबईहून आणलेली दुसऱ्या नावाची अम्लोडिपिन, दोन्ही त्यात निघू शकतात; एकच औषध दुप्पट पोटात जाते आणि त्यानेच पाय सुजू शकतात.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर रूढ केलेले प्राझोसिन मुळात रक्तदाबाचे औषध आहे. पहिल्या मात्रेनंतर दाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला झोपवून ठेवणे महत्त्वाचे.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद 2010 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे होते. 1800-180-3024 या क्रमांकावर रुग्ण स्वतःही ती करू शकतो.