पितळ, वाफ आणि पोशाख : स्टीमपंकमागची अभियांत्रिकी

वाफेच्या युगातील तंत्रज्ञान विजेला आणि पेट्रोलला वाट न देता तसेच वाढत गेले असते तर जग कसे दिसले असते, या कल्पनेतून स्टीमपंक ही शैली उभी राहिली. अमेरिकी लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये तिला हे नाव दिले. या शैलीतील दिव्यांवर, टोप्यांवर आणि मनगटपट्ट्यांवर दिसणारी पितळी तबकडी केवळ शोभेची वाटते, पण तिचा मूळ नमुना म्हणजे दाबमापक, हे एकोणिसाव्या शतकातील अत्यंत उपयुक्त उपकरण आहे.

बॉयलरमधील वाफेचा दाब पूर्वी पाऱ्याच्या स्तंभाने मोजत असत. एका वातावरणाइतक्या दाबाला ७६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ लागतो, म्हणजे दहापट दाबासाठी साडेसात मीटरांहून उंच नळी हवी. धावत्या रेल्वे इंजिनावर हे अशक्यच होते. १८४९ मध्ये फ्रान्समधील यूजेन बूर्दाँ यांनी चपटी नळी कमानीसारखी वाकवून तिचे एक टोक बंद केले. आत दाब वाढला की नळीचा चपटा छेद गोल होऊ पाहतो, त्यामुळे कमान किंचित उलगडते, आणि बंद टोकाची ही अल्पशी हालचाल तरफ व दंतचक्रे वाढवून काट्यापर्यंत पोहोचवतात. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर आजही याच तत्त्वाचे दाबमापक दिसतात.

वाफेच्या युगातील यंत्रांचे खरे आकर्षण, माझ्या मते, त्यांच्या उघडेपणात आहे. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडलेल्या गतिनियंत्रकात दोन जड गोळे फिरत असतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि त्यांना जोडलेली झडप वाफेचा पुरवठा कमी करते. यंत्र स्वतःला कसे आवरते हे पाहणाऱ्याला डोळ्यांनी समजते. याच गतिनियंत्रकांचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडले आणि पुढे नियंत्रणशास्त्र त्यावर वाढले.

लंडनमधील क्रॉसनेस येथे १८६५ मध्ये सुरू झालेल्या पंपघरात मैलापाणी उपसणाऱ्या इंजिनांभोवती ओतीव लोखंडाची रंगीत, पानाफुलांची नक्षी आहे. एकदा साचा तयार झाला की नक्षीदार खांब पुन्हा पुन्हा ओतता येत असे, त्यामुळे अशा जागीही सौंदर्याला स्थान मिळाले.

पोशाखाचीही हीच गोष्ट आहे. १८५६ मध्ये पेटंट झालेल्या पोलादी कड्यांच्या पिंजऱ्यामुळे घेरदार झग्याखालच्या जाड परकरांचे थर अनावश्यक झाले, आणि त्याच वर्षी अठरा वर्षांच्या विल्यम पर्किन यांना क्विनीन हे मलेरियावरील औषध बनवण्याच्या प्रयत्नात जांभळा रंग गवसला. हा कृत्रिम रंग कोळशाच्या डांबरापासून मिळवलेल्या रसायनातून आला, आणि हे डांबर म्हणजे दिव्यांसाठी कोळशापासून वायू काढताना उरणारा पदार्थ.

म्हणूनच टोपीवर डिंकाने चिकटवलेली, कशालाही न फिरवणारी दंतचक्रे मला अपुरी वाटतात. फ्रान्समधील नांत येथे २००७ पासून प्रवाशांना पाठीवर घेऊन फिरणारा सुमारे १२ मीटर उंच यांत्रिक हत्ती मात्र वाफेवर चालत नसूनही या परंपरेशी प्रामाणिक आहे, कारण त्याच्या पायांचे सांधे आणि दट्टे उघडपणे काम करताना दिसतात. नांत हे ज्यूल व्हर्न यांचे जन्मगाव. त्यांच्या १८८० च्या एका कादंबरीत वाफेवर चालणारा हत्ती भारतभर प्रवास करतो आणि तिच्या कथानकात नानासाहेब पेशवेही आहेत.

स्टीमपंकमधील सर्वांत धाडसी कल्पना, म्हणजे दंतचक्रांचा संगणक, प्रत्यक्षात तपासूनही झाली आहे. इंग्लिश गणिती चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ ते १८४९ या काळात आखलेले दुसरे डिफरन्स इंजिन, म्हणजे गणिती कोष्टके काढणारे यंत्र, त्यांच्या हयातीत बनलेच नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये, बॅबेजच्या काळात साधता येईल तितक्याच अचूकतेने भाग घडवून, त्याचा गणन विभाग उभारला; सुमारे चार हजार भागांचे हे यंत्र ३१ अंकी उत्तरे बिनचूक काढते.