डेडलाइन आणि वीज: मल्टिप्रोसेसर शेड्युलिंगची पार्श्वभूमी

रिअल-टाइम कामात उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते ठरलेल्या वेळेत यावं लागतं. कोणतं काम केव्हा चालवायचं हे ठरवणं म्हणजे शेड्युलिंग. एका प्रोसेसरसाठी त्याचा पाया लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये घातला. ज्या टास्कची डेडलाइन सर्वांत जवळ, तिला आधी चालवायचं, हा ‘ईडीएफ’ (अर्लिएस्ट डेडलाइन फर्स्ट) नियम. ठरावीक काळाने येणाऱ्या कामांसाठी तो प्रोसेसरची १०० टक्के क्षमता वापरू शकतो, हे त्यांनी सिद्ध केलं. विजेचा विचार त्यात नव्हता.

तो आला १९९४ मध्ये, झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातून. वायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं की काम भराभर उरकून प्रोसेसर रिकामा ठेवण्यापेक्षा तो हळू चालवावा. फ्रिक्वेन्सी, म्हणजे वेग, घटवली की व्होल्टेजही उतरवता येतं, आणि चिपची पॉवर व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात बदलते. आदर्श गणितात वेग निम्मा केला तर वेळ दुप्पट लागतो, पण ऊर्जा एक चतुर्थांशच. म्हणजे डेडलाइनपर्यंत उरलेला वेळ हीच बचतीची संधी! २००१ मध्ये पिल्लई आणि शिन यांनी ही कल्पना ईडीएफशी जोडली: टास्क अंदाजापेक्षा लवकर संपली, तर उरलेला वेळ पुढचा वेग कमी करायला वापरायचा.

अनेक प्रोसेसर आले की हे सोपेपण संपतं. एकूण भार एका प्रोसेसरच्या क्षमतेपेक्षा किंचित जास्त असला, तरी सगळ्या प्रोसेसरसाठी एकच सामाईक रांग ठेवणाऱ्या ईडीएफची डेडलाइन चुकू शकते, हे ढाल आणि लिऊ यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं. म्हणून टास्क आधीच कोअरवर (चिपमधल्या एकेका प्रोसेसरवर) वाटून देण्याकडे कल राहिला. त्या वाटणीवर विजेचा खर्चही ठरतो. दोन कोअरवर त्यांच्या पूर्ण क्षमतेच्या ०.५ आणि ०.५ असा भार असेल, तर त्याच आदर्श गणितात पॉवर ०.२५ येते, ०.९ आणि ०.१ असेल, तर ०.७३, जवळजवळ तिप्पट. समतोल वाटणी उत्तम, पण ती शोधणं एनपी-हार्ड आहे, म्हणजे टास्क वाढल्या की अचूक उत्तर झटपट काढण्याची रीत माहीत नाही, असं आयदिन आणि यांग यांनी २००३ मध्ये दाखवलं.

माझ्या मते खरी कलाटणी लीकेजने दिली. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तशी नुसत्या चालू असलेल्या कोअरमधूनही वीज झिरपू लागली. हळू चाललं की कोअर जास्त वेळ चालू राहतो, म्हणून एका मर्यादेपेक्षा हळू चालणं आता महागात पडतं. भार कमी असेल तर तो थोड्याच कोअरवर गोळा करून बाकीचे बंद ठेवणं परवडतं.

२०११ मध्ये चिपची रचना करणाऱ्या आर्म कंपनीच्या बिग-लिटल रचनेने एकाच चिपवर मोठे आणि छोटे कोअर आणले. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ईडीएफवर आधारित डेडलाइन शेड्युलर २०१४ मध्ये आला, ऊर्जेचं मॉडेल पाहून कोअर निवडणारी सोय २०१९ मध्ये. ती सोय मात्र साध्या टास्कसाठी आहे. डेडलाइनच्या टास्क कोणत्या कोअरवर जाव्यात, हे ठरवताना ते मॉडेल विचारात घेतलं जात नाही.